‘फाटक बंद’च्या कव्हरावर नसलेले नाव

मी, केशोराव सीताराम कटरे, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी बिडीची लेबले चितारणे व सध्या घरी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणे, राहणार सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते डॉक्टर माझा मुलगा इंद्रकुमार याच्या ओळखीचे निघाले, म्हणून साकोलीच्या दुसऱ्या डॉक्टरांचाही दाखला आणला. दोन्ही दाखल्यांतला मजकूर शब्दशः एकच आहे, याची मी नोंद घेतली आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मागे कोणी दुसरा कागद काढून दाखवला तर तो खोटा समजावा आणि दाखवणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे.

१. सौंदडचे राहते घर माझी पत्नी अनुसयाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, नंतर इंद्रकुमारकडे जाईल. तिची कोणत्याही कागदावर सही घ्यायची झाल्यास आधी तो कागद माझी नात रुची हिने मोठ्याने वाचून दाखवावा. इंद्रकुमारला राग येईल. आला तर येऊ द्यावा. मुलगा वाईट नाही, पण त्याला कोणाचेही लवकर पटते, आणि अशा माणसाकडून दुसरे लोक आपली कामे करून घेतात.

२. स्टेशनापलीकडची धानाची बांधी इंद्रकुमारला. धुऱ्यावरचे मोहाचे झाड आपल्या हद्दीत आहे. माझ्या लहानपणी ते चांगले आतल्या बाजूला होते, आता धुऱ्याला टेकले आहे. झाड काही चालत नाही. शेजाऱ्याला विचारावे.

३. बँकेतली ठेव अनुसयाबाईला. त्यातून माझा दिवस साधा करावा. तेरवीला फोटो मोठा करून लावू नये. मोठा केला की सगळे दिसते.

४. माझे कुंचले, शाई, निबा आणि छपाईचे दोन दगड रुचीला. ती नागपूरला चित्रकला शिकते. तिला हे दगड काय आहेत ते कळते, पण ते कशासाठी होते ते कळत नाही, म्हणून लिहितो.

गोंदियाच्या सांबर छाप बिडी कारखान्यात मी पंधराव्या वर्षापासून लेबले काढली. बंडलावरचे लेबल म्हणजे बिडीची अब्रू. बिडी जरा खपायला लागली की बाजारात नकली बंडल येते, हुबेहूब तेच लेबल आणि आत सडका तेंदूपत्ता. म्हणून आम्ही चितारी प्रत्येक लेबलात मुद्दाम एक बारीक चूक करून ठेवत असू. एखादी रेघ जास्त, एखादे पान उलटे. तिला चोरखूण म्हणतात. नकलणारा तेवढी सुधारून काढतो आणि सापडतो. चोरखूण फक्त चिताऱ्याला आणि मालकाला ठाऊक. चिताऱ्याचे नावही मालक बाहेर फुटू देत नसे, नाहीतर नकलीवाले त्यालाच फितवत. मी आयुष्यभर हे काम केले. लोक मला संशयी म्हणतात. मला त्याचाच पगार मिळत होता.

५. माझे सर्व रेकॉर्ड रुचीला, खालील अटींवर. उभे ठेवावेत, एकावर एक रचू नयेत. कोणालाही ऐकायला घरी नेऊ देऊ नयेत. कोणी नेलाच तर परत आल्यावर कव्हरात तोच रेकॉर्ड आहे का हे पाहावे, कारण गोंदियाच्या एका डी.जे.ने माझ्या उत्तम इंग्रजी रेकॉर्डच्या कव्हरात भजने घालून दिली होती. मला काका म्हणण्याची त्याची मुभा मी काढून घेतली आहे.

हे रेकॉर्ड आले कुठून, तर गोंदियाच्या रेल्वे कॉलनीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होता. तो कलकत्त्याहून आणत असे. कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा त्याने गिटार आणि निम्मे रेकॉर्ड कारखान्याचे मालक दुर्गाप्रसाद बिसेन यांचा मुलगा लीलाधर याला विकले, उरलेले मला. लीलाधर ते ऐकत असे. मी ते पाहत असे. रॉक संगीत मला फार कळत होते असे नाही, त्यातला ढोल तेवढा अंगात भिनायचा. पण ती कव्हरे! एकावर गाणाऱ्यांचे चेहरेच नाहीत, नुसता अंधार आणि एक उघडे दार. एकावर अक्षरे वितळून खाली ओघळलेली. असे लेबल आमच्याकडे काढले असते तर मालकाने हाकलून दिले असते. आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळ्यांची नावे. गिटार कोणाची, ढोल कोणाचा, आवाज कोणी साधला, आणि शेवटी, चित्र कोणाचे. मी ती ओळ भिंग लावून वाचत असे. दुनियेत चिताऱ्याचे नाव छापतात, हे मला तिथे समजले.

६. आता मुख्य बाब. मूळ चित्र, ‘फाटक बंद’ या रेकॉर्डच्या कव्हराचे, माझ्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर आहे. ते रुचीला.

हा रेकॉर्ड एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा. बँडचे नाव ‘द आउटर सिग्नल’. लीलाधर गिटार वाजवी व गात असे. ढोल-ताशे भैय्यालालकडे, तो लग्नाच्या बँडमधून आलेला. बेस गिटार सुकरामकडे, तो सालेकशाचा, रेल्वेत खलाशी. इंग्रजी गाणे त्याला अर्थासकट पाठ नसे, पण ताल त्याच्यासारखा कोणाचा नव्हता. भैय्यालाल आणि सुकराम आता नाहीत. मालकांनी पोराच्या हट्टापायी पैसे दिले, चौघे आम्ही हावडा मेलने कलकत्त्याला गेलो, आणि एका भाड्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. मी फक्त चित्र काढायला गेलो होतो. काचेआडून ऐकताना मी चित्र काढायचेच विसरलो, हे आज लिहायला हरकत नाही.

चित्र असे: रेल्वेचे बंद फाटक, रात्र, आणि पलीकडे रुळांच्या मध्ये उभे सांबर. त्याच्या शिंगांत सिग्नलचा लाल दिवा अडकलेला. कव्हर आमच्याच लेबलांच्या प्रेसमध्ये छापले. मागे सगळ्यांची नावे आली. लीलाधर, भैय्यालाल, सुकराम. स्टुडिओत चहा आणून देणाऱ्याचेही आले. माझे आले नाही.

नावांची यादी लीलाधरने लिहून दिली होती. मी काही बोललो नाही. मागून घेतलेले नाव मला नको होते. पण त्या दिवसापासून मी समजून आहे की ते चित्र त्याला स्वतःच्या नावावर करायचे आहे. तो दर दिवाळीला आमच्याकडे येतो, फराळ करतो, पोरांना पैसे देतो, आणि जाताना सहज म्हणून माझ्या खोलीत डोकावतो. कशासाठी ते मी ओळखले आहे. तो येणार असला की मी चित्राचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवतो.

अलीकडे हा रेकॉर्ड शोधत परदेशातले शौकीन फिरतात. इंटरनेटवर त्या सांबराच्या डाव्या कानाबद्दल त्यांनी पुष्कळ लिहिले आहे असे रुची सांगते. त्यांना लिहू द्यावे. चोरखूण तिथे नाही. मुंबईच्या एका कंपनीला हा रेकॉर्ड पुन्हा काढायचा आहे, आणि बँडमधला एकटा लीलाधर उरल्यामुळे सही त्याची लागते. कंपनीच्या माणसाने इंद्रकुमारला फोनवर सांगितले की चित्र कोणाचे हे विचारले की लीलाधरजी गप्प बसतात. इंद्रकुमारला त्यात काही वाटले नाही. मला वाटले. गप्प बसणारा माणूस जागा राखून ठेवतो.

म्हणून मी चित्रातली चोरखूण कोणती हे रुचीच्या कानात सांगितले आहे, इंद्रकुमार पाणी आणायला गेला असताना. लीलाधरने चित्रावर हक्क सांगितलाच तर तिने त्याला चारचौघांत चोरखूण विचारावी. आम्ही दोघे जिवंत असताना हे झाले नाही याचे मला फार दुःख आहे.

७. आमचे वकील हेमराज यांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, पुढे भांडणे होतात. हे मला आवडले. म्हणून मी लीलाधरलाच साक्षीदार म्हणून बोलावले आहे. त्याला माझ्याकडून काही मिळू नये याची ही सर्वांत पक्की तजवीज आहे. सहीपूर्वी हेमराजने संपूर्ण मजकूर त्याच्यादेखत खड्या आवाजात वाचावा. साक्षीदाराला मजकूर ऐकवण्याची गरज नसते असे हेमराज म्हणतो. मला गरज आहे.

८. हे कलम सहीच्या दिवशी, वाचन झाल्यावर, माझ्या सांगण्यावरून घातले आहे. वरचे एकही अक्षर खोडू नये. खाडाखोड दिसली की लोकांना भलते सुचते.

हेमराज सहावे कलम वाचत होता तेव्हा लीलाधर खुर्चीत बसून ऐकत होता. संपल्यावर त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, “काऊन बे केशो, पन्नास वर्सं हेच पोटात धरून बसलास?”

मी म्हटले, “चायवाल्याचंबी नाव छापलंस. माहं कायले नाही छापलं?”

“लेबलवाल्याचं नाव सांगतेत का कोणी?” तो म्हणाला. “कव्हरावर सांबर, बंडलावरबी सांबर, हात एकच. तुहं नाव छापलं असतं तं आंधळ्यालेबी समजलं असतं का सांबर छापचा चितारी कोण हाय. नकलीवाले तुह्या दारात येऊन बसले असते. बाबूजीनं माह्या डोक्यावर हात ठेवून कबूल करून घेतलं होतं, केशोचं नाव तोंडातून निघालं नाही पायजे.”

“कारखाना बंद होऊन किती वर्सं झाले,” मी म्हटले. “आता कोणता नकलीवाला येऊन राहिला?”

“हेच तुले इचाराले येत होतो ना दर दिवाळीले. का बाबा, आता सांगू का? तं तू चित्र भिताडाकडे फिरवून बसलेला. मले वाटलं, याले नाव बाहेर नको. म्हणून नाही इचारलं.”

मग कंपनीला काय सांगितले, ते मी विचारले. तो म्हणाला, “त्यायले म्हणलं, नाव मी सांगत नाही. ते म्हणाले, चितारी अज्ञात म्हणून छापतो. मी म्हणलो, तसं छापून देत नाही. दोन वर्सं झाले, कागदावर सही नाही केली. मरायच्या आधी तो रेकॉर्ड एकदा नवा हातात घ्याची लय इच्छा होती, पण तुले अज्ञात म्हणून कसा काढू देऊ?”

मला रडू आले. हे मृत्युपत्रात लिहायचे नसते असे हेमराजचे मत आहे. तो तरुण आहे.

तरी मी खात्री करण्यासाठी अनुसयाबाईला आत जाऊन विचारले की हा खरे बोलत असेल का. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मराच्या आधी तुमाले एकातरी माणसावर इस्वास ठेवाचा हाय का नाही, तेवढं सांगा.” त्यावर मी बाहेर येऊन बसलो. माझा संशय पूर्ण गेला असे कोणी समजू नये, तो जुना आहे. पण लीलाधरपुरता गेला.

सबब असे लिहून ठेवतो की लीलाधरने माझे नाव कंपनीला, परदेशी शौकिनांना, आणि ज्याला सांगावेसे वाटेल त्याला खुशाल सांगावे. त्याने कंपनीच्या कागदावर लवकर सही करावी. आम्हा दोघांचेही वय झाले आहे आणि कंपन्या सावकाश चालतात.

आता त्याला माझ्याकडून काहीतरी द्यावे असे मला फार वाटू लागले आहे, आणि तो तर साक्षीदार. हेमराज म्हणाला, दुसरा साक्षीदार शोधतो, शेजारी कोणीही येईल, मग यांना चित्र द्या, रेकॉर्ड द्या, काय द्यायचे ते द्या. लीलाधर नको म्हणाला. “मले काई नको,” तो म्हणाला. “मले सही कराची हाय. दे इकडे पेन.”

येणेप्रमाणे वरील मजकूर मी ऐकला, नंतर स्वतः पुन्हा वाचला, हेमराजने वाचलेला आणि लिहिलेला मजकूर एकच असल्याचे ताडून पाहिले, आणि खाली सही करत आहे.

ठिकाण: सौंदड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) केशोराव सीताराम कटरे

साक्षीदार पहिला: कैलाश सुखदेव तुरकर, राहणार सौंदड. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मी सही करण्यापूर्वी त्यांनी माझे ओळखपत्र दोनदा पाहिले.
(सही) कैलाश तुरकर

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या हस्ताक्षरात: मी लीलाधर दुर्गाप्रसाद बिसेन, राहणार गोंदिया. मृत्युपत्र करणाऱ्यास मी लहानपणापासून ओळखतो. त्यांनी माझ्यादेखत सही केली. ‘फाटक बंद’ या रेकॉर्डवर गिटार माझी, ढोल भैय्यालालचे, बेस सुकरामचा, आणि चित्र केशोराव सीताराम कटरे यांचे.
(सही) लीलाधर बिसेन