नऊ पूर्णांक एक

३ जानेवारी
गाण्याच्या बाई फार वर्षांपूर्वी मला म्हणाल्या होत्या, तुझे कान चांगले आहेत गं, पण तुझं तोंड त्यांच्या आधी पोचतं. मी त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला आणि त्यावर करिअर केलं. समीक्षकाला निवड करता आली पाहिजे.
यंदा मासिकाचं पंचविसावं वर्ष. त्यातली एकोणीस वर्षं संपादक मी. संकल्प: रोज सकाळी तासभर नुसतं ऐकायचं, हातात पेन न घेता. वेबसाइटवरच्या कॉमेंट्स वाचायच्या नाहीत. समोरच्याला त्याचं वाक्य पूर्ण करू द्यायचं.

४ जानेवारी
ऐकायला बसले. दुसऱ्या गाण्याला पेन घेतलं. हेडिंग सुचलं होतं, आणि सुचलेलं हेडिंग वाया घालवणं हे पाप आहे. उद्यापासून.

९ जानेवारी
मालकांनी बोलावलं. म्हणाले, मॅडम, छापील अंक हल्ली वाचतो कोण? मी म्हटलं, ज्याला गाणं कळतं तो. म्हणाले, त्यालाच शोधतोय, पत्ता असला तर द्या. एप्रिलचा विशेषांक खपला तर छपाईचा विचार करू, नाहीतर नुसती वेबसाइट. मी शांतपणे बरं म्हटलं. आपण सांगितल्याशिवाय लोकांना काय आवडायला हवं ते कळणार कसं, हे मालकांना समजत नाही. ते आणखी काहीतरी सांगत होते, पण तोवर मी उठले होते.

१५ जानेवारी
विशेषांकासाठी मासिकाचा इतिहास लिहायला घेतला. सुरुवात कॅसेटच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवलेली आठ पानं, फुकट. मग किंमत आली. मग मी आले. आल्या आल्या तारे बंद केले आणि दशांशात गुण सुरू केले. ताऱ्यांत मोघमपणा असतो. सात पूर्णांक तीन म्हटलं की माणूस गप्प बसतो.
वाद पुष्कळ झाले. सगळे माझ्यामुळे. एका लाडक्या गायकाला साडेतीन दिले तेव्हा त्याच्या चाहत्यांनी ऑफिसच्या दारात अंक जाळले. जाळण्यासाठी त्यांना ते विकत घ्यावे लागले. 'सर्वोत्तम शंभर आवाज' या यादीत मालकांची मेहुणी एक्केचाळिसावी आली. तो वाद नव्हता, ती तडजोड होती. पुढे मुखपृष्ठावर गायकांच्या ऐवजी गायकांची घरं आली, मग घरांतले पडदे. पडद्यांचा अंक सर्वांत जास्त खपला. हे इतिहासात घेतलेलं नाही.

२२ जानेवारी
मालकांना कुठूनतरी कळलं की धाकटीचा नवा अल्बम येतोय. अकरा वर्षांनी. म्हणाले, मॅडम, सख्खी बहीण, मग काय पाहिजे, मुखपृष्ठावर दोघी, गळ्यात गळा घालून. मी म्हटलं, माझ्या तत्त्वात बसत नाही. धाकटी माझा फोन उचलत नाही हे सांगायची गरज वाटली नाही.
तिच्या पहिल्या अल्बमला मी सहा पूर्णांक एक दिले होते. परकी असती तर सहा पूर्णांक चार दिले असते. बहीण म्हणून तीन दशांश कापले. पक्षपात नको. त्यानंतर तिनं काही काढलंच नाही. योगायोग. कलाकाराला विश्रांती लागते.

२ फेब्रुवारी
आईला फोन केला. आई धाकटीकडे राहते. आमच्या दोघींमधलं पोस्ट ऑफिस तीच. विचारलं, धाकटी मुलाखत देईल का? पलीकडे फोनवर हात ठेवल्यासारखं झालं. मग आई म्हणाली, ती घरात नाहीये. थोडं थांबून म्हणाली, आणि तिला वेळ नाही असं म्हणतेय.
नको तर नको मुलाखत. समीक्षा लिहीन. अशी लिहीन की ती आपणहून फोन करेल. माझ्या लेखणीत तेवढी ताकद आहे.

१० फेब्रुवारी
मालकांनी रेकॉर्ड कंपनीच्या हात धुऊन मागे लागून अल्बमची गाणी आगाऊ मिळवली. अल्बम मेमध्ये येणार, आपला अंक एप्रिलमध्ये. दुसऱ्या कुणाकडे नाही. कंपनीचा मेल हातभर लांब. माझं जुनं धोरण: कंपनीचं एक अक्षर वाचायचं नाही, फक्त गाणी उतरवून घ्यायची. कुणाच्या सांगण्यानं माझं मत बनायला नको.

११ फेब्रुवारी
ऐकलं. रडले. एवढ्या वर्षांत माणसाचा आवाज जड होतो, हिचा उलट हलका झालाय. गप्प राहून गळा धुऊन निघाल्यासारखा.
नवरा दाढी करता करता बाहेर आला. विचारलं, कोण गातेय ही मुलगी? म्हटलं, तुझी मेहुणी. म्हणाला, छे, ही ती नव्हे. मी म्हटलं, कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल ज्याला वेगळी कळत नाही त्यानं यात पडू नये. गालावरचा फेस तसाच घेऊन तो आत गेला.

१४ फेब्रुवारी
समीक्षा पूर्ण. नऊ पूर्णांक एक. नऊच्या वर आजवर कुणाला दिलेले नाहीत. शेवटचं वाक्य: हा आवाज मी हजार आवाजांत, अंधारात, झोपेतही ओळखीन, कारण त्याचा पहिला ट्यांहां मी दाराबाहेर उभी राहून ऐकला आहे.
वेबसाइट सांभाळणारी मुलगी वाचून म्हणाली, मॅम, हे वाक्य आपण मोठ्या अक्षरांत टाकू. या मुलीत काहीतरी आहे, हे पहिल्यांदाच जाणवलं.

२० मार्च
अंक छापायला गेला. धाकटीचा फोन येईल तेव्हा काय बोलायचं ते ठरवून ठेवलं. ती म्हणेल, ताई, माझं चुकलं. मी लगेच म्हणायचं नाही. जरा वेळ जाऊ द्यायचा. मग म्हणायचं, असू दे गं.

२ एप्रिल
अंक काल बाजारात आला. आज सकाळी फोन आला तो कंपनीच्या माणसाचा. म्हणाला, मॅडम, आमचा मेल वाचला होता ना?
फेब्रुवारीत धाकटी गायलीच नव्हती. चाल बसवताना वादकांना अंदाज यावा म्हणून आधी दुसऱ्याच कुणाकडून गाऊन घेतात, नंतर तो आवाज काढून खरा आवाज घालतात. त्याला स्क्रॅच म्हणतात. मला आलेली आठही गाणी स्क्रॅच. गाणारी मुलगी बावीस वर्षांची, संगीतकाराकडे शिकते. तो म्हणाला, मेलच्या पहिल्याच ओळीत लाल अक्षरांत लिहिलं होतं, की गाणी फक्त चालींच्या अंदाजासाठी आहेत.
स्क्रॅच म्हणजे काय ते मला त्यानं समजावून सांगितलं. मला. त्यावर मी दोन पानी लेख लिहिलेला आहे.

३ एप्रिल
घाबरण्यासारखं काही नाही. निवेदन तयार केलं: सदर समीक्षा ही प्रामुख्यानं चालींची होती. मग समीक्षा पुन्हा वाचली. चालींबद्दल एक वाक्य आहे, त्यातही आवाज येतोच.
दुसरा उपाय जास्त सोपा. धाकटीनं जाहीर सांगावं की तो आवाज तिचाच. तिचाही फायदा, नऊ पूर्णांक एक काही थोडे नाहीत. आईला फोन करून समजावलं. आई म्हणाली, थांब, विचारते. बऱ्याच वेळानं पलीकडून हॅलो आलं. मी विचारलं, कोण बोलतंय?
धाकटी होती.
म्हणाली, ताई, मला सहा पूर्णांक एक दिलेस तेव्हा मला वाटलं, मी वाईट गायले. तुला ऐकूच येत नाही हे तेव्हा कळलं असतं, तर अकरा वर्षं गात राहिले असते.
मी म्हटलं, तू संदर्भ लक्षात घे. तोवर फोन बंद झाला होता.
नवऱ्याला सगळं सांगितलं. तेवढ्यात शिट्टी झाली. तो म्हणाला, कुकर. इतकं टोचून तो आजवर कधी बोलला नव्हता.

१० एप्रिल
आवाज कुणाचा ते कंपनीनं जाहीर करून टाकलं. कॉमेंट्स वाचणार नव्हते. फक्त चांगल्या असतील तेवढ्या वाचायचं ठरवलं. त्या शोधता शोधता सगळ्या वाचून झाल्या. नव्हत्या.
अंक मात्र संपला. पुन्हा छापताहेत. ती स्क्रॅचवाली मुलगी आभार मानायला ऑफिसात आली. म्हणाली, मॅडम, तुमच्यामुळे मला तीन ठिकाणी काम मिळालं. मी म्हटलं, गुणी माणूस मला लगेच कळतो. ती बिचारी हो म्हणाली.

१६ एप्रिल
वेबसाइटवालीनं खेळ काढलाय: तुम्ही तुमच्या बहिणीचा आवाज ओळखाल का? वर माझा फोटो आणि ते वाक्य, मोठ्या अक्षरांत. मी म्हटलं, हे काढून टाक. ती म्हणाली, मॅम, पंचवीस वर्षांत आपलं एवढं काही चाललं नव्हतं. पडद्यांच्याही पुढे गेलंय म्हणे.

३० एप्रिल
मालकांकडे गेले. म्हटलं, अंक दोनदा छापावा लागला, म्हणजे छपाई चालू ना? म्हणाले, मॅडम, तो तुमच्या चुकीवर खपला, दर महिन्याला एवढी चूक जमेल का? मी म्हटलं, विचार करून सांगते. जूनपासून फक्त वेबसाइट. मी सल्लागार. माझ्या केबिनमध्ये कॉफीचं मशीन येतंय. सल्लागार म्हणजे वरचंच पद, असं मी घरी सांगितलं. नवऱ्यानं विचारलं, सल्ला कोण मागणार?

१८ मे
धाकटीचा अल्बम आला. समीक्षा माझ्याकडे नाही. वेबसाइटवर आता समीक्षा नसतातच, वाचक अंगठा वर करतात किंवा खाली.
खेळ नवा केलाय. गाण्यांचे तीन तुकडे, नावं न दिलेली, त्यातला एक तिचा, या अल्बममधला. ठरवलं, आधी हे करू, अल्बम नंतर ऐकू. प्रामाणिक पद्धत. दार लावून बसले. दुसरा तुकडा लागताच ओळखला. पुढचा ऐकायचीही गरज नव्हती.
चूक.
पुन्हा खेळता येतं. तिसरा दाबला. तोही नव्हता.
पहिला होता. मग तो परत लावला. जाडसर आवाज, किंचित खरखरीत, ओळ संपवताना दमणारा. मी हा कधी ऐकलेला नाही. तिच्या बोलण्यातही नाही. ऐकता ऐकता मनात आकडा आला, सात पूर्णांक चार. तो झटकून टाकला तर सात पूर्णांक सहा आला. अल्बम पूर्ण ऐकला. आठही गाण्यांना आकडे आले. थांबवता आले नाहीत. तिची गाणी कुठल्या विषयावर आहेत, आता सांगता येणार नाही.

२१ मे
आईला मध्ये घातलं नाही. धाकटीला स्वतः मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी पाठवला तो असा:
शनिवारी सकाळी तू रियाजाला बसतेस, असं आई म्हणते. मी बाहेर जिन्यात बसू का? आत येणार नाही. काही बोलणार नाही, कुठे लिहिणार नाही. तुझा आवाज ओळखू येईपर्यंत बसेन. तू नकोच म्हणशील. तरी विचारते, येऊ?