मोठी बहीण

प्रिय दिपमाला,

जळगावात अत्याचार झालेल्या मुलींना आधार देणारी एक संस्था आहे. तिला मी नवे ड्रेस शिवून देते. दवाखान्यात मुलीच्या अंगावरचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतात, मग घरी जायला दुसरे लागतात.

तू केळीच्या बागेतून तशी घरी आलीस, तेव्हा मीच तुला न्हाऊ घातलं, तुझे कपडे चुलीत जाळले आणि म्हटलं, "कोणले सांगू नको." आठवड्याभरात तुला मामाकडे सुरतेला धाडलं. सोळा वर्षं झाली, तू माझा फोन उचलत नाहीस.

काल ड्रेस द्यायला गेले, तर तिथल्या ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "अक्का, या मुलीसोबत जबाबाला घरचं कोणी आलं नाही. तुम्ही बसाल?"

मी बसले. मुलीने माझा हात घट्ट धरला.

पोलीसबाईंनी विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"मोठी बहीण," मी म्हटलं.

ती दोन तास बोलली. मी तिला एकदाही गप्प केलं नाही.

माफी मागायला लिहायला बसले होते. पण ते सगळं तुला पुन्हा आठवायला लावायचा हक्क मला नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

तुझी,
लताअक्का
एरंडोल