तेल मुरत नाही, पप्पा

प्रिय पप्पा,

मग सांगा ना, कधी मुरणार होतं तुमचं तेल? एवढी वर्षं लेथवर उभे राहिलात, तरी घरी आल्या आल्या दाराच्या चौकटीला मनगट घासायचात. आणि मी आठवड्याभरात आनंदनगरची तीच कंपनी सोडली, तर मला ‘कच्चा’ म्हणालात. तुम्ही गेलात, पण ते भांडण काही डोक्यातून जात नाही.

आज लिहायला बसलो ते चिंगीमुळे. तुमच्या माघारी ती तुमच्याच कंपनीत लागलीय, पॅकिंगला. पार्ट गंजू नये म्हणून तेलात बुडवायचे, निथळायचे, पिशवीत भरायचे. फोनवर बोलता बोलता मधेच खरखर ऐकू आली. मी विचारलं, “काय करतेस गं?”

“काही नाय रे दादा, बोटांना खाज सुटलीय. सगळ्यांनाच होतं पहिले पहिले. तेल मुरलं की थांबेल.”

अगदी तुमचाच शब्द, पप्पा.

लोणचं मुरतं. माणसाच्या चामडीत मशीनचं तेल कसं मुरेल? पण तुमच्या मशीन शॉपमध्ये सगळे हेच म्हणायचे. पुरळ उठलं की कच्चा, तोंड उघडलं नाही की मुरलेला. म्हणूनच लपवत राहिलात ना? नव्या पोरांसमोर बाह्या वर करायचीसुद्धा लाज वाटायची तुम्हाला.

चौदा एप्रिलच्या जयंतीला आपल्या बुवापाड्यात सगळे घामाघूम, आणि तुम्ही पांढऱ्या फुल शर्टाची मनगटाची बटणंही लावून. शेजारचे रमेशकाका चिडवायचे, “काय साहेब, ऑफिसातनं डायरेक्ट का?” तुम्ही हसायचात. बाहीला आतून पिवळे डाग पडायचे, ते आई गुपचूप धुवायची. ती गप्प का असायची, कधी विचारलंत तिला?

आणि कैरीचं लोणचं. किती आवडायचं तुम्हाला! शेवटी शेवटी ताटात वाढूच द्यायचा नाहीत. पित्त होतं म्हणायचात. खोटं. बोटांच्या भेगांत मीठ झोंबायचं. साधा चमचा मागायचा होतात की. आपल्याच घरात कसला मान राखत होतात?

इथे जामनगरला पितळेच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी सुट्टी झाली आणि मी थिनरचा डबा शोधायला लागलो. तुम्हाला तसेच हात धुताना बघितलेलं ना. सुपरवायझरने डबा हिसकावला. “अबे, हाथ है कि पत्रा? थिनर से चमडी सूख के फट जाती है, फिर मशीन का तेल सीधा अंदर काटता है.”

इथेही काही सगळं चांगलं नाही. दोघा-तिघांना पुरळ आहेच. पण उठलं की दुसऱ्या कामावर लावतात, कच्चा म्हणत नाहीत. साबण, पाणी, कोरडा कपडा, कामाआधी हाताला क्रीम. एवढंच होतं, पप्पा. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि तुम्ही विचारलं नाहीत, कारण मुरलेला माणूस विचारत नसतो.

तुम्ही छातीच्या कळेने गेलात, तेलाने नाही, मला माहीत आहे. पण तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना कोपरापर्यंतचे हात मी पहिल्यांदा नीट बघितले. शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी कातडी. पाणी ओतताना वाटलं, झोंबेल तुम्हाला. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत तुमच्या कंपनीतले एक जण उभे राहून म्हणाले, “मुरलेला कामगार गेला.” सगळ्यांनी माना हलवल्या. मला हलवता आली नाही.

चिंगीला म्हटलं, सोड ते काम. तर म्हणते, “सोडून काय करू? तुझ्यासारखी गावं बदलत फिरू?” टोमणाही तुमचाच उचललाय पोरीने. पण तिचं चुकलं कुठे? घर तिच्या पगारावर चाललंय.

तेव्हा आता मी इथून हलत नाही. मन उठलं, कोणाशी वाजलं, तरी नाही. याचा पाय एका जागी ठरत नाही म्हणायचात ना? आता ठरेल. चिंगीला तेलाबाहेरचं काम मिळेपर्यंत तिच्या पगाराएवढे पैसे दर महिन्याला घरी जातील, आणि ती आधी चामडीच्या डॉक्टरकडे जाईल. तिचे हात मी मुरू देणार नाही. आज आईच्या खात्यात पहिले टाकतोय, बारा हजार.

तुमचा कच्चाच,
सुनील