आईचा वाकडा टाका

मंगळवार, संध्याकाळ

आईनं शिवलेलं शेवटचं ब्लाउज आज पुन्हा चढेना. पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध. तेव्हा तेच घालायचं म्हणून रोज चालायला लागले होते. आठ दिवस उत्साह, मग पंधरा दिवस बूट तसेच. असं का होतं माझं?

पिशोरहून ताईचा फोन आला. "उसव की एक शिवण. आई आत कापड लई सोडायची."

उसवायला बसलेही. हातानं घातलेले बारीक टाके, त्यात एक वाकडा. नजर अधू झाली होती तिची तोवर. म्हणायची, "बारीक झालीस की परत आत घेईन."

आता कोण घेणार?

तो वाकडा टाका माझ्यानं कापवेना. कात्री ठेवली, बूट घातले, कॉलनीला एक फेरी मारून आले. उद्याचं सांगवत नाही.