तीन महिन्यांत नोएलिया सरळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

आणि सही करायला पुन्हा मीच! बावीस माणसं होती प्रार्थनाघरात. पास्टर अब्दियास डोळे मिटून म्हणाले, ही पोर आपल्या सगळ्यांची आहे. सगळे आमेन, आमेन. मग कोर्टाच्या मिर्नाबाईने कागद पुढे केला, तर सगळे आपापल्या चपला बघायला लागले. न्हावी म्हणे माझा हात दुखतो. काल दिवसभर कात्री चालवली तेव्हा नव्हता दुखत. माझी मैत्रीण त्रान्सितो म्हणे, एर्मे, माझ्या घरात तरणा मुलगा आहे, पोरगी कशी ठेवू? पास्टरना अचानक आठवलं की त्यांना कोणाला तरी पुरायला जायचंय. नालायक सगळे.

मग केली मी सही. कोणीतरी माणसासारखं वागायला नको?

पोरीचं नाव नोएलिया, वय सोळा. आई गेली उत्तरेला, अमेरिकेत, बापाचा पत्ता नाही. खालच्या कोपऱ्यावर फोन घेऊन उभी राहायची. वस्तीत कोण शिरलं, पोलिसांची गाडी कुठे वळली, ते टोळीच्या पोरांना कळवायचं. पकडली गेली. जज म्हणाली, तुरुंगात घातली तर दोन वर्षांनी पक्की होऊन बाहेर येईल, त्यापेक्षा वस्तीने सांभाळावी. एक वर्ष. माझ्या मक्याच्या गिरणीत काम, शनिवारी शाळा, पंधरा दिवसांनी मिर्नाबाईची चक्कर. बिघडली तर सरळ आत.

मी जजला म्हटलं, एक वर्ष कशाला? तीन महिन्यांत सरळ करते. मी तीन पोरं वाढवली आहेत. तिघंही घर सोडून हजारो मैलांवर आहेत, म्हणजे स्वतःच्या पायावर उभी आहेत.

ही वही मिर्नाबाईने दिली. रोजचं लिहा म्हणाली. लिहीन, पण दाखवणार नाही. चौथी शिकलेल्या बाईच्या अक्षरात कोणी नाक खुपसायचं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. पहाटे ५.१०

ठराव: आजपासून नोएलियावर ओरडायचं नाही. प्रेमाने घ्यायचं.

५.४०

ओरडले. पण कारण होतं. म्हणाली, मावशी, मी मागे अंगणात काम करते, मका धुते, चुन्याच्या पाण्यात उकडते, पुढे नको. म्हटलं, तुझी लाज झाकायला मी सही नाही केली. गिरणीच्या तोंडाशी उभं राहायचं. सगळ्या वस्तीने बघू दे पोरगी कशी काम करते ते. झालं, उभी राहिली. बघा, एका शब्दात ऐकलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हात चांगला चालतो तिचा. सकाळी साडेपाचला माझ्या दारात तीस-चाळीस बादल्या लागतात, उकडलेल्या मक्याच्या. बायका मधल्या वेळात पोरं उठवायला घरी जातात, बादली नंबर धरून बसते. दुसऱ्याची बादली कोणी हलवायची नाही. माझ्या आईच्या वेळेपासूनचा नियम. भांडणं झाली, पूर आला, दोनदा सरकार उलटलं, बादली कोणी हलवली नाही. नोएलियाला हे सांगावं लागलं नाही. ओळीने घेते.

फक्त तोंड उघडत नाही. बायका माझ्या दारात सगळं बोलतात. कोणाचा नवरा परत आला, कोणाच्या घरी पोलीस येऊन गेले, कोण कुठे निघालंय. एका सकाळी इथे जेवढं कळतं तेवढं टीव्हीवर आठवडाभर कळत नाही. ही आपली खाली मान घालून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

यश!! आज एल्मेर स्वतः आजीची बादली घेऊन आला. एल्मेर म्हणजे टोळीच्या पोरांचा इथला मुकादम. वय एकोणीस, पांढरेशुभ्र बूट, बोलणं एकदम गोड. याला मी उघडा-नागडा फिरताना बघितलाय. कधी रांगेत उभा राहिला नाही, आणि आज पाऊण तास राहिला. पुढे जा बाळा म्हणणाऱ्या दोन बायकांना म्हणाला, नको मावशी, माझा नंबर आला की घेईन. सगळ्यांची चौकशी केली. बायका अगदी गप्प. आदर!

मिर्नाबाईला लगेच फोन केला. म्हटलं, पोरीला दिलेलं औषध दुसऱ्यांनाही लागू पडतंय. ती म्हणाली, एर्मेलिंदाबाई, तो तिथे का येतोय ते नोएलियाला विचारा. म्हटलं, पीठ दळायला. गिरणीत माणूस कशाला येतो?

शिकलेल्या बायकांना साधी गोष्ट कळत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

एल्मेर रोज येतो. आज बरोबर आणखी दोघे. ठराव: नोएलियाचे तीन महिने संपले की या तिघांच्या नावावर सही करायची. मग जज मला कोर्टात खुर्ची देईल.

जाताना एल्मेर नोएलियाशी कोपऱ्यात दोन मिनिटं बोलला. लहानपणापासूनची ओळख आहे. ती परत आली आणि अर्धा मका गिरणीच्या तोंडाबाहेरच ओतला. म्हटलं, नाश्ता का करत नाहीस? वाटीभर घेवडा आणि मक्याच्या दोन टोर्तिया खाल्ल्याशिवाय मका उचलायचा नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ही मुलगी मला धुळीला मिळवणार! बादली संपली तरी मोटर बंद करत नाही. दोन बादल्यांच्या मधे रिकामी गिरणी घरघरतेय. दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात. मागच्याच महिन्यात दगडांना टाकी लावून घेतली होती. आणि आवाज असला की शेजारी उभ्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही. दोनदा सांगितलं. मान हलवते आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन खटका बंद केला. म्हणाली, मावशी, चालू राहू दे ना. म्हटलं, दगड तुझ्या बापाचे आहेत का?

(ओरडायचं नाही हा ठराव उद्यापासून.)

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज त्रान्सितो डोळे सुजवून आली. माझ्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. नोएलियाने नेमकी तेव्हाच मोटर सोडली, बादली नव्हती काही नव्हतं. मला शब्द ऐकू येईना. म्हणून मी खटका बंद केला आणि विचारलं, काय म्हणतेस, तुझ्या पोराला, ओल्विनला, शनिवारच्या सातच्या बसने पाठवतेस? चोलुतेकाला, तुझ्या बहिणीकडे? त्रान्सितोने माझा दंड असा दाबला की वळ उठला.

तिच्या ओल्विनने म्हणे पोलिसांना काहीतरी सांगितलंय. बसचा ड्रायव्हर मारला गेला तेव्हा हा समोर होता. म्हटलं, बरं केलं सांगितलं, घाबरतेस काय? तोंडाला फडकं लावून निघून गेली. पीठसुद्धा अर्धंच नेलं.

एल्मेर रांगेत तिसरा होता. म्हणाला, मावशी, तुमची गिरणी म्हणजे वस्तीचं काळीज आहे. किती छान बोलतो.

रविवार, २३ फेब्रुवारी

ओल्विन मोटारसायकलवरून पडला म्हणतात. दोन्ही पाय मोडले. काल बस पुलाशी थांबली, हा उतरला आणि मग पडला. बसमधून उतरलेला माणूस मोटारसायकलवरून कसा पडला, असं मी प्रार्थनेत विचारलं, तर पास्टरनी गाणं सुरू केलं. जाऊ दे. हल्ली पोरं गाड्या वेड्यासारख्या चालवतात.

नोएलिया आली नाही प्रार्थनेला. डोकं दुखतं म्हणे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

त्रान्सितोची हिरवी बादली पहाटेपासून दारात. पहिला नंबर. मका भरलेला, वर फडकं झाकलेलं. त्रान्सितो काही आली नाही. सहा वाजले, सात वाजले. मागच्या बायका बादलीला वळसा घालून पुढे येत होत्या, पण हात कोणी लावला नाही. नऊला मी तिच्या घरी गेले. कुलूप. कुत्रा बांधलेला, पाणी ठेवलेलं. भिंतीवरचे फोटो नाहीत, खिडकीतून दिसलं.

अमेरिकेचा व्हिसा आला असणार. मला सांगायला काय झालं होतं? पस्तीस वर्षांची मैत्रीण.

दुपारी मका आंबला. कुत्रा मी आणला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज अकरा बादल्या. कारण उघड आहे: ती दुकानातली तयार पिठाची पाकिटं. आळशी झाल्यात बायका. ज्या येतात त्यासुद्धा बोलत नाहीत, पीठ घेऊन पळतात. एकीला म्हटलं, काय गं, नवऱ्याचं काय झालं? म्हणाली, एर्मे, तुझ्या दारात आता मी देवाचंसुद्धा नाव घेणार नाही. हिला काय चावलं?

मिर्नाबाई आली होती. सगळं उत्तम, असं सांगितलं. तिने नोएलियाला विचारलं, दुसऱ्या गावी राहायला आवडेल का? दुसऱ्या गावातलं कोणी तयार असेल तर जज जागा बदलू शकते, शिक्षा म्हणून नाही. पोरीने तोंड उघडलं, पण मीच उत्तर दिलं. म्हटलं, बाई, मी हार मानणाऱ्यांतली नाही. ही इथेच सरळ होणार, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मिर्नाबाई म्हणाली, मी तिला विचारलं होतं. म्हटलं, तिच्या वतीने सही माझी आहे.

एक महिना होत आला. दोन राहिले.

सोमवार, ३ मार्च

चार बादल्या. त्यांतल्या दोन एल्मेरच्या माणसांच्या.

एल्मेर आज बादली न घेता आला. पोत्यावर बसला. कुत्र्याला कुरवाळलं. म्हणाला, मावशी, आभार मानायला आलोय. म्हटलं, कशाचे? म्हणाला, ओल्विनच्या बसचे. तुम्ही वेळसुद्धा सांगितलीत.

 मी मोटरचा खटका बंद करायला हात नेला. तो बंदच होता.

मग म्हणाला, नोएलिया कामाची नाही राहिली. विचारलं की म्हणते, ऐकू आलं नाही. तुम्हाला मात्र सगळं कळतं, आणि तुम्ही बोलता. तेव्हा शनिवारपासून दोघींतली एक मला रोज सांगेल. कोण, ते तुम्ही ठरवा. नाहीतर ती परत कोपऱ्यावर उभी राहील, आणि मागच्यासारखी सुटका नाही होणार तिची. शनिवारी सकाळी येतो उत्तराला. घाई नाही, मावशी.

जाताना नोएलियाच्या डोक्यावर हात ठेवला. पाद्री ठेवतो तसा.

मंगळवार, ४ मार्च

गिरणी बंद ठेवली. आईच्या मरणालासुद्धा ठेवली नव्हती.

नोएलियाला समोर बसवलं. कॉफी दिली. म्हटलं, बोल. आणि मी गप्प बसले. फार अवघड गेलं, तीनदा जीभ चावली.

म्हणाली, मावशी, तो रोज विचारायचा, आज कोण काय बोललं. मी म्हणायची, मोटर चालू होती, मला काही ऐकू आलं नाही. खोटं नको म्हणून खरंच चालू ठेवायची.

आणि मी खटका बंद करायला धावायची. दगडासाठी.

म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला पुढे उभं करू नका. मग तुम्ही पुढचं विचारलंच नाही.

मग म्हणाली, जजला कळवा, मी बिघडले. आत घालू दे. मी आत गेले की माझी भीती घालून तो तुमच्याकडून बातम्या काढू शकणार नाही. सोळा वर्षांची पोर मला वाचवायला तुरुंगात जायला निघाली होती, आणि मी बसले होते तिचे महिने मोजत.

म्हटलं, गप्प बस. मग म्हटलं, नको, बोल.

बुधवार, ५ मार्च. पहाटे ५

जजसाठी पत्र. सहाच्या बसने स्वतः नेऊन देणार. इथे उतरवून ठेवते, उद्या कोणी म्हणायला नको की मी वेगळंच काही लिहिलं.

जजबाई,

मी एर्मेलिंदा, गिरणीवाली. मी तीन महिने म्हटलं होतं. एका महिन्यात मी नापास झाले. नीट वाचा, मी झाले, नोएलिया नाही. नापास लिहायचं असेल तर माझ्या नावापुढे लिहा. ती महिनाभर माझ्या दारात उभी होती, तिच्या कानावर सगळं पडत होतं आणि तिने एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नाही. ओल्विनची बातमी माझ्या तोंडून बाहेर गेली. ते पोलिसांना सांगायचं असेल तर मी सांगते, सही करते.

तिला आत घालू नका. तिच्या तोंडून ऐकायला जाल तर ती स्वतःच म्हणेल, मी बिघडले. विश्वास ठेवू नका.

मार्काला गावात माझी बहीण उबाल्दिना आहे. कॉफीचं रान आहे, माणसं लागतात. काल फोन केला. ती म्हणाली, पोरगी पाठव, पण तू आलीस तर दिवसभर बडबड करायची नाहीस. मी कबूल केलं. तिथले पास्टर आणि शाळेच्या मास्तरीणबाई सही करायला तयार आहेत, दोघांनी फोनवर पोरीशी बोलून, तिला विचारून मग हो म्हटलंय. तुमच्या कागदावर 'वस्तीच्या हवाली' असं आहे. आमच्या वस्तीने आमेन म्हणून पाठ फिरवली आणि मी नुसता आवाज केला. ही दुसरी वस्ती तिला घ्यायला तयार आहे. जागा बदलायचा कागद द्या. मी तिच्याबरोबर जाते. गिरणी बंद करते.

शनिवारी सकाळी टोळीचा एल्मेर उत्तर मागायला येणार, आमच्यातली कोण त्याला वस्तीच्या बातम्या देणार त्याचं. त्याआधी आम्ही दोघी इथून निघालेल्या पाहिजेत. मार्कालाची शेवटची गाडी शुक्रवारी दुपारी एकला आहे. तुमच्या ऑफिसात कागद टेबलावरून टेबलावर जायला पंधरा दिवस लागतात, मिर्नाबाईने सांगितलं. आमच्याकडे दोन आहेत.

बघू, विचार करू, मीटिंग घेऊ, असलं काही लिहून पाठवू नका. हो किंवा नाही. शुक्रवार, सात मार्च, दुपारी बाराच्या आत मला उत्तर पाहिजे.