आधी पडायला शिकवतात

दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, राग ताजा आहे. दोन्ही वेगवेगळे समजून घेणे.

काल जावईबापूंचा फोन आला. हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं की दर रविवारी तू समुद्रात जातेस आणि लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभी राहायला शिकतेस. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी ऐकून घेत नाही, असं तूच म्हणतेस. म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी समुद्रच निघाला.

अगं, पंचेचाळिशी आली तुझी! दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतेस, मानेला पट्टा लावतेस, आणि सुट्टीच्या दिवशी सर्फिंग? मी उभी हयात लिफ्ट तपासण्यात घालवली. दोर, दारं, ब्रेक बघितल्याशिवाय एका माणसाला आत पाय टाकू दिला नाही. तुझ्या त्या फळीचा दोर कोणी तपासला? किती वजनाला? समुद्राला कठडा असतो का? शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची आहे म्हणे. सव्वीस वर्षांचे तर माझे बूट आहेत.

तुला नाही म्हणायचा अधिकार मला उरलेला नाही, हे कळतं. पण तुझी आई गेल्यावर तू मला अट घातलीस: खुशाल एकटे राहा, पण एकदा जरी पडलात, तरी घर बंद करून माझ्याकडे यायचं, कुरकुर चालणार नाही. मी मान्य केली. आता तीच अट तुला. एक जखम झाली की फळी बंद. आणि लपवायचं नाही. कबूल असेल तर लिही. नसेल तरी लिही.

बाकी ठीक. गच्चीवर शेजारच्या वकिलाबरोबर रोज फेऱ्या मारतो. तो अजून निम्म्यातच दमतो.

लोभ आहेच, तो पाण्यात घालू नकोस.

तुझा,
बाबा

दि. १४ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. विशेष एवढंच की मी जिवंत आहे आणि तुमच्या जावयाशी बोलत नाहीये.

मी स्वतःच कळवणार होते. म्हणजे, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर टाळत होते. काळजी न देणं कुठे संपतं आणि लपवणं कुठे सुरू होतं, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

माझं काम तुम्ही पाहिलंय. दिव्याखाली मान घालून प्लास्टरचे जबडे घासायचे, मेणात दात बसवायचे, टेबल सोडायचं ते डबा खायला. डॉक्टर म्हणाले, खांदे आणि पाठ वापरली नाही तर पट्टा जन्माचा. तलावात पोहून पाहिलं. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मला फक्त राहिलेली कामं आठवायची. समुद्रात आठवत नाहीत, कारण समोरून काय येतंय ते बघावंच लागतं. गंमत म्हणजे पाय घसरू नये म्हणून फळीला मेण घासतात. ते मी सगळ्यांत सुबक घासते.

दोर कोण तपासतं? मी. दर वेळी, घोट्याला बांधण्याआधी, ओढून. फळी मऊ फोमची आहे. एकटीने जायचं नाही, लाल बावटा असेल तर परत फिरायचं, आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झुंजायचं नाही, फळी धरून किनाऱ्याला समांतर निघायचं. कमरेच्या वर पाण्यात मला अजून जाऊ दिलेलं नाही. पहिला अख्खा रविवार तर आम्ही वाळूवर पडत होतो. मास्तरीणबाईंचं म्हणणं, उभं राहणं नंतर, आधी पडायला शिका. मी, बँकेतले एक जाडजूड गृहस्थ आणि कॉलेजच्या दोन पोरी धपाधप पडतोय, आणि तुमचे जावई आमचे टॉवेल सांभाळत हसून हसून डोळे पुसतायत. त्याच टॉवेलांना.

अट मान्य. जीव नकोसा होतो तुमच्या अटींनी. पण तुम्हाला घातली तेव्हा मला ती किती वाजवी वाटली होती, हेही आठवतं.

लोभ वाढवा, नियम वाढवू नका.

तुमची,
भिंगरी

दि. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, सूर्यास्तापर्यंत पुरतील एवढे. रोज नवे घेत जा.

पैसे देऊन पडायला शिकणारी घराण्यातली पहिली तूच. आमच्या खात्यात पडणं हा विषयच नव्हता. पडायचंच नाही, हा विषय होता. एक दोर तुटला तर दुसरा, दुसरा गेला तर ब्रेक, ब्रेक गेला तर खाली स्प्रिंगा. आणि तुमच्या बाई म्हणतात, आधी पडा! अशा बाईंना मी खात्यात पाणी भरायलाही ठेवलं नसतं.

बाल्कनीतल्या कुंड्यांना रोज मी स्वतः पाणी घालतो, वाकून, कशाचाही आधार न घेता. हे तुझ्या माहितीसाठी. चेहऱ्याला उन्हाचं मलम लावत जा. पाणी पीत जा, समुद्राचं नव्हे.

लोभ चालू आहे, तपासणीही.

बाबा

दि. ३ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. आणि विशेष खरोखरच विशेष आहे: मी उभी राहिले!

फार वेळ नाही, तुम्ही जेवढ्या वेळात 'हे काय चाललंय' म्हणता तेवढाच. पण लाट मागून आली, तिने फळीला ढकललं, मी गुडघ्यावर आले, मग एक पाय, मग दुसरा, आणि किनारा माझ्याकडे चालत आला. मग पडले. व्यवस्थित पडले, बाईंनी पडण्याचं कौतुक केलं, उभं राहण्याचं नाही. मान दुखत नाहीये. पट्टा कपाटात टाकलाय.

तुम्ही मला लहानपणी सायकल शिकवलीत तेव्हा मागून धरलेला हात शेवटपर्यंत सोडला नव्हता, म्हणून मला अजून सायकल येत नाही. हा टोमणा समजावा.

लोभ असाच राहो, जरा सैल.

भिंगरी

दि. २० मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल काही विचारू नकोस. अक्षराला हसू नकोस, पलंगावर बसून लिहितोय. इथे उजेड बरा येतो.

वकील आता गप्पांना घरीच येतो, गच्चीवर वारा फार. कुंड्यांना पाणी खालच्या मजल्यावरच्या बाई घालतात. त्यांना हौस आहे, मी कशाला मोडू?

उभी राहिलीस, छान. तुझ्या मास्तरीणबाईंबद्दल विचार करत होतो. पडायला त्या नेमकं काय शिकवतात? नुसतं कुतूहल. कुशीवर पडावं की पाठीवर? हात टेकावा का? माझ्या मते टेकू नये, पण तो आपोआप पुढे जातो, त्याचं काय करायचं? आणि पायाखाली ओलं असेल, साबण लागल्यासारखं गुळगुळीत, म्हणजे फळी, तर तोल जातोय हे कळल्यावर काहीतरी धरायला धावावं, की सरळ पडून मोकळं व्हावं? सविस्तर लिही. घाई नाही. पण लवकर लिही.

लोभ असावा.

बाबा

दि. २६ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून मला भरूनच आलं. माझ्या कुठल्याही गोष्टीबद्दल तुम्ही 'बंद कर' न म्हणता 'कसं करतात' असं विचारल्याचं मला आठवत नाही. तेव्हा सविस्तर.

तोल गेला की गेला. धरायला धावायचं नाही, त्याने अंग वेडंवाकडं होतं. गुडघे लगेच मऊ करायचे. जितकं खाली जाऊन पडाल तितकं कमी लागतं. हात ताठ पुढे टाकायचा नाही, मनगट जातं. दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायचे, हनुवटी छातीला. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या टोकावर पडायचं नाही, पसरून पडायचं. श्वास धरून ठेवायचा, पण अंग ताठ करायचं नाही. हे जमायला मला तीन रविवार लागले, कारण घाबरलेलं अंग ताठच होतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, उठायची घाई करायची नाही. लाज वाटून माणूस झटकन उठतो आणि वरून आलेली फळी डोक्यात घेतो. आधी पडून राहायचं, कुठे काय आहे ते हाताने चाचपायचं, मग उठायचं.

या रविवारी गेले नाही. कामाचा ढीग आहे, एका दवाखान्याने सगळ्या कवळ्या एकदम पाठवल्यायत.

लोभ वाढतोय असं दिसतं, वाढू द्या.

भिंगरी

दि. ७ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद नंतर, आधी हे.

जावईबापूंचा फोन. तोच हवापाण्याचा आवाज. फळीखालच्या पात्याने तुझी टाच कापली, तू तिच्यावर चिकटपट्टी मारून, मोजा चढवून प्लास्टरच्या धुळीत बसायला गेलीस, ती चिघळली, ताप आला, डॉक्टरांनी फाडून पू काढला, इंजेक्शनं दिली, आणि आता पाय उशीवर आहे. आणि मला काय लिहिलंस, कामाचा ढीग! जखम त्याच दिवशी धुऊन दाखवली असतीस तर दोन टाक्यांत भागलं असतं. इतकी शिकलेली तू, इतकी काटेकोर, शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करताना अपराधी वाटून घेणारी, आणि स्वतःची टाच कुजवलीस? का, तर म्हाताऱ्याची अट!

कागद फाडून टाकणार होतो. मग आमचे एक साहेब आठवले, त्यांना आम्ही कुलूपसाहेब म्हणायचो. लिफ्ट अडखळते अशी तक्रार आली रे आली की ते कुलूप ठोकून यायचे. दुरुस्तीचं बघू, आधी कुलूप. त्यांच्या भागातल्या तक्रारी हळूहळू बंद झाल्या. लिफ्ट सुधारल्या म्हणून नव्हे, लोक सांगेनासे झाले म्हणून. सगळ्यांत वाईट अपघात त्यांच्याच भागात झाला, आणि त्या इमारतीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं की लिफ्ट अडखळते.

तुझ्यापुरता मी कुलूपसाहेब झालो. तेव्हा अट मागे. जखम भरली, डॉक्टर हो म्हणाले, की जा समुद्रावर. फक्त लागलं तर त्याच दिवशी सांगायचं. मी ओरडेन, बंद करणार नाही.

नियम सगळ्यांना सारखा असावा, असं आपलं मला वाटतं.

आशीर्वाद आता घे.

बाबा

दि. १२ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. ओरडा मिळाला, पूर्ण मिळाला.

तुमचं शेवटचं वाक्य मला सरळ वाटेना. पाय उशीवर, दुसरं काम नाही, म्हणून तुमची पत्रं पुन्हा काढून वाचली. फेब्रुवारीत तुम्ही गच्चीवर वकीलकाकांना दमवत होतात, कुंड्यांवर वाकत होतात. मार्चमध्ये वारा फार, बाईंना हौस, आणि पलंगावर उजेड बरा. त्या पलंगाशी खिडकी नाही, बाबा. मी त्या घरात वाढले आहे. आणि समुद्रात साबण कुठून आला?

मी मात्र काय केलं, तर भरून आलं म्हणून पानभर पडण्याचं वर्णन लिहून पाठवलं. तुम्ही आधीच पडला होतात.

रागाने मी उठून तुमच्यासाठी ठेवलेल्या खोलीत गेले, लंगडत. तिथे पडदे लावलेत, पलंगावर चादर घातली आहे, तुम्ही अडखळू नये म्हणून दाराचा उंबराही काढून घेतला आहे. आई गेल्यापासून तयार आहे. आजवर मला वाटायचं ही माझी काळजी. त्या दिवशी वाटलं, मी इथे तुमच्या पडण्याची वाट बघत होते का? तुम्ही इथे आलात तर मला फोनची धास्ती उरणार नाही, हे खरं आहे. त्यात तुमची सोय किती आणि माझी किती, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. पण तुमचं घर तुमच्याकडून घ्यायला तेवढं पुरेसं नाही, इतकं कळलं. तुमच्यापुरती मीही कुलूपसाहेबच.

तेव्हा माझीही अट मागे. घर तुमचं, तुम्ही तिथेच.

पण आता माझा ओरडा ऐका. आयुष्यभर लोकांच्या इमारतींना कठडे लावायला लावलेत आणि तुमच्या स्वतःच्या न्हाणीघरात धरायला एक दांडा नाही! खाली साधी खरखरीत चटई नाही! कुठल्या तोंडाने तुम्ही माझ्या फळीच्या दोराला सही मागितलीत?

शनिवारी येते. कुठे लागलंय ते बघेन, डॉक्टरांना दाखवलं नसेल तर दोघं जाऊ, दांडे बसवून घेऊ. आणि पलंगावरची मोठी गादी खाली काढून ठेवा. दुसरीही शेजारी लावा. पत्राने पडणं शिकवता येत नाही.

लोभ आहे म्हणूनच हा आवाज.

भिंगरी

दि. १६ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि शरणागती.

डावं मनगट. मोडलेलं नाही, मुरगळलंय. वकिलाने ओढत डॉक्टरकडे नेलं. साबण खाली पडला होता. तुझ्या बाई म्हणतात तेच केलं, सगळं उलटं: धरायला धावलो, हात टेकला, अंग ताठ केलं. आणि कोणी नसताना लाज वाटून झटकन उठलो.

दांड्यासाठी भिंत ठोकून पाहिली, भरीव आहे. बसवणाऱ्याने बसवल्यावर मी स्वतः लोंबकळून तपासणार, त्यात मध्ये पडायचं नाही. खोलीचे पडदे काढू नकोस. पाहुणा म्हणून मी राहायला येईन, फळी बघायला.

गाद्या खाली काढल्या आहेत. वकिलालाही शिकायचं आहे, तो चहाच्या वेळी येतो. आधी तू पडून दाखव, टाच सांभाळून. मग मी. मग तो. उठायची घाई कोणी करायची नाही, एवढं माझं पाठ आहे.

बाबा