कासवाच्या कानात फुंकर

प्रिय ताई,

आईला सांग, मी वेळेवर जेवते आणि माझं नाकही शाबूत आहे. तुझा हात आता वेणी घालण्याइतका वर जातो का गं?

काल ज्युजित्सूच्या स्पर्धेत तीच समोर आली, तुझा खांदा उखडणारी. मी पाठीवर चढताच बया कासवासारखी गोळा झाली, हनुवटी छातीत रुतवून. गळा आवळायचा डाव टाकायला हात शिरेना. मग लहानपणी गादीवर तू माझी मान कशी वर काढायचीस ते आठवलं. तिच्या कानात फुंकर मारली. मान वर झाली आणि माझा हात आत गेला.

‘हरले, सोड’ या खुणेच्या थापट्या तिने गादीवर मारल्या. खांदा उखडताना तुझ्या थापट्या तिने ऐकल्या नव्हत्या. मलाही पंचांनी ओढेपर्यंत काही ऐकू आलं नाही.

तुझी,
जरा बहिरी धाकटी